पाईकराव सिस्टरांच्या चार पट्ट्या

पाईकराव सिस्टरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चपलेपासून भांगापर्यंत एकदा नजर फिरवली आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाल्या, "हिरवा हाय. चालतंय." त्या माझ्या शर्टाबद्दल बोलताहेत असं मला वाटलं. शर्ट पांढरा होता. आपलं काय चुकलं, असा विचार मी त्या दिवशी दुपारपर्यंत करत राहिलो. आपलं काय चुकलं हा विचार मला लहानपणापासून चटकन सुचतो.

शिरड शहापूरहून कुरुंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता म्हणून नव्यानं रुजू झालो होतो. हुद्दा भारदस्त आहे, पण औषध मी कधी निर्माण केलं नाही. आलेल्या गोळ्या नीट ठेवायच्या आणि कागदात बांधून द्यायच्या, एवढंच. हिंगोली तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. आमचा कारभार परभणीहून चाले आणि सावकाश चाले.

रंगांचा उलगडा शिपायानं केला. लातूरकडच्या भूकंपानंतर आसपासच्या केंद्रांतून परिचारिका तिकडं पाठवल्या गेल्या, त्यात आमच्या सिस्टर होत्या. जाताना त्या इतर सिस्टरांसारख्याच एक सिस्टर होत्या. इंजेक्शन देत, बाळंतपणं करत, उशिरा येणाऱ्या पेशंटवर खेकसत. तिकडं मदतीला आलेल्या कुठल्याशा डॉक्टरांनी त्यांना जखमींची निवड शिकवली. माणसं एकदम फार आली आणि हात कमी पडले की प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी बांधायची. लाल पट्टी म्हणजे ह्याला आत्ता हात लावला नाही तर हा जाईल. पिवळी म्हणजे हा थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे हा चालतो-बोलतो, ह्यानं कण्हत न बसता दुसऱ्याला उचलू लागावं. आणि काळी म्हणजे मेलेला, किंवा श्वास चालू असला तरी वाचणार नाही असा. त्याच्यापाशी थांबायचं नाही, पुढं जायचं. "काळ्यापाशी थांबलं की लाल काळा होतो," हे सिस्टरांचं सुभाषित. लसीकरणाला आलेल्या बायांनाही त्या ते ऐकवत. बाया मान डोलवत आणि लेकरू पुढं करत.

तिकडून परत आल्यावर सिस्टरांना माणूस दिसेनासा झाला. फक्त पट्टी दिसू लागली. लग्नात त्या जेवायला बसत त्या मांडवाच्या दाराशी, आणि जेवता जेवता वऱ्हाडाची वाटणी करत. नवऱ्या मुलाचा मामा पिवळा. बँडवाल्यांतला पिपाणी फुंकणारा आज ना उद्या लाल. एकदा तालुक्याहून मोठे साहेब तपासणीला आले. सिस्टरांनी त्यांच्या जिना चढण्याकडं पाहिलं आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हिरवा हाय म्हनून फिरून राहिला. पर पोट पिवळं हाय." साहेबांनी काय म्हणाल्या म्हणून विचारलं. मी म्हणालो, चहा आणू का विचारताहेत. खोटं बोललो म्हणून मला नंतर चहा गोड लागला नाही.

पट्ट्या त्या स्वतः कापत. लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांसाठी कुरुंद्याच्या बाजारातून ब्लाउजपीस आणत. काळ्यासाठी मोडक्या छत्रीचं कापड. छत्रीच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, कापड घट्ट असतं, रक्तानं भिजलं तरी काळंच राहतं. गावात कुणाची छत्री मोडली की सिस्टरांना वास लागे. लोक मोडक्या छत्र्या घरात लपवून ठेवू लागले. आपल्या छत्रीची पट्टी उद्या आपल्याच मनगटाला यायची, अशी भीती.

दुसरं वेड माळवदाचं. आमच्याकडच्या जुन्या घरांवर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली पांढरी माती असते. उन्हाळ्यात गार वाटतं. सिस्टर अशा घरात पाऊल टाकत नसत. बाळंतीण तपासायची असली तर खाटेसकट बाहेर आणायला लावत. बाहेर उभ्या राहूनच लांब काठीनं छताच्या वाशाला टोचून घरमालकाला विचारत, "ही माती कधी उतरवनार? पोरं दबल्यावर?"

आमचंही घर माळवदाचं होतं. आम्ही औंढ्याकडच्या देवळातली पूजाअर्चा बघणाऱ्या घराण्यातले. नोकरीमुळं या गावात भाड्यानं राहत होतो. सिस्टर पहिल्यांदा आमच्याकडं आल्या तेव्हा उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. लिंबाखाली पोतं टाकून बसल्या. आईनं चहा बाहेर नेऊन दिला. सिस्टर बौद्ध, आम्ही असे. आत या असं आई म्हणाली नाही आणि मीही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर बाई आपण होऊन बाहेर बसल्या म्हणून मला जरा सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून लगेच शरम वाटली. दोन्ही माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. सिस्टर बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "जोशीबाबू, तोंड काहून पाडून राहिले? म्या तुमच्या जातीला भ्याले न्हाई. तुमच्या माळवदाला भ्याले."

आई आतून हसली. आई अशी मोठ्यानं हसलेली मी फार दिवसांत ऐकली नव्हती. पुढं सिस्टर आल्या की आईही बाहेर येऊन बसू लागली. आईला त्यांनी पिवळी ठरवलं होतं. आईला ते आवडलं. हळदीकुंकवाचा रंग म्हणाली.

सिस्टर क्वार्टरमध्ये एकट्या राहत. नवऱ्यानं नांदेडला दुसरं घर केल्याला बरीच वर्षं झाली होती. तो विषय त्या एका वाक्यात मिटवत, "तो हिरवा होता, चालत गेला." खोलीत बुद्धाची तसबीर, एक खाट, आणि खाटेखाली स्ट्रेचर. खाट वापरात नव्हती. बारा महिने व्हरांड्यात झोपायच्या, पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली बादली लावून. वैशाखी पौर्णिमेला केंद्रात सगळ्यांना खीर वाटत. तिथंही अशक्त आधी, धट्टेकट्टे शेवटी. माझी पाळी येईपर्यंत पातेल्याच्या तळाची करपलेली खीर उरलेली असे. हिरव्याचे भोग.

स्ट्रेचर म्हणजे बांबूचे दोन दांडे आणि त्यात ओवलेली हळदीची पोती. आमच्याकडं पोतं म्हटलं की हळदीचंच. सिस्टरांच्या स्ट्रेचरवरून उतरलेला माणूस नवरदेवासारखा पिवळा होऊन उतरे. एकदा पाय मोडलेल्या गड्याला त्यावरून जीपपर्यंत नेलं, तर तिकडच्या दवाखान्यात त्याची आधी कावीळ तपासली म्हणे.

या सगळ्यातून सिस्टरांनी गावात सराव सुरू केले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको म्हणण्याच्या आत त्या सुरू करून बसत. बाजाराच्या दिवशी ओट्यांजवळ शिट्टी वाजायची. काही माणसांनी जखमी व्हायचं, काहींनी उचलायचं. सुरुवातीला कुणी येईना. मग सिस्टरांनी चहा ठेवला. लाल पट्टीवाल्याला आधी चहा, मग पिवळ्याला, हिरव्यानं सगळ्यांना पाजून मग प्यायचा. त्यामुळं जो तो लाल व्हायला बघू लागला. माणसं अशी काही कळवळत की बाजारातली गुरं बिथरत. एक म्हातारे शेतकरी मनापासून कण्हले आणि सिस्टरांनी पिवळी बांधली, तर ते चिडून उठून बसले. एवढा कण्हलो त्याची काहीच किंमत न्हाई का, असा त्यांचा सवाल होता. सिस्टर म्हणाल्या, जो एवढा वरडू शकतो त्याचा श्वास बराबर चालू हाय. खरा लाल गप असतो.

अडचण काळ्या पट्टीची होती. मेल्याचं सोंग घेऊन उघड्यावर निजायला कोण तयार होणार? शेवटी किसनआबा नावाचे एक म्हातारे तयार झाले, कारण त्यात काहीच करावं लागत नव्हतं. ते बाजाराच्या ओट्यावर आडवे झाले, सिस्टरांनी नाडी पाहिल्यासारखं केलं, छत्रीची पट्टी बांधली आणि नियमाप्रमाणे पुढं गेल्या. किसनआबांना गार वाऱ्यानं झोप लागली.

इथपर्यंत सगळं शास्त्राप्रमाणे झालं. पण आमच्याकडं माणूस जमिनीला पाठ लावून उघड्यावर पडलेला दिसला आणि त्याच्याजवळ कुणी नसलं, तर बायांना ते बघवत नाही. भाजी घ्यायला आलेली एक म्हातारी सवयीनं त्यांच्या पायाशी बसली. बसल्यावर तिला रडू आलं. सराव आहे हे तिला माहीत होतं, पण बसल्यावर न रडणं बरं दिसेना. ती रडते म्हणून दुसरी बसली. दोघी मिळून किसनआबांचे गुण गाऊन रडू लागल्या. किती कष्टाळू, किती मायाळू, कुणाच्या बांधाला कधी लागला नाही. किसनआबांना जाग आली. आपले गुण ऐकून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

एवढ्यावर भागतं तर ठीक होतं. किसनआबांची मुलगी हट्टा गावात दिलेली. तिच्या शेजारची बाई बाजाराला आली होती. तिनं काळी पट्टी पाहिली, रडणं पाहिलं आणि मिळेल त्या टेंपोनं हट्टा गाठला. सराव आटोपून आम्ही चहा पीत होतो तेव्हा वेशीपासून हंबरडा ऐकू आला. मुलगी, जावई, जावयाचे भाऊ, आणि जीपमध्ये मागं पांढरं कापडसुद्धा. किसनआबा बशी तोंडाला लावून बसले होते. मुलीनं आधी बापाला मिठी मारली, मग सिस्टरांना अशा शिव्या दिल्या की मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. सिस्टर हात बांधून ऐकत राहिल्या. ती दमून थांबली तेव्हा मला म्हणाल्या, "लाल हाय. हिला आधी पानी द्या."

त्यानंतर काळं व्हायला पंचक्रोशीत कुणी तयार होईना. सिस्टरांनी सदरा-धोतरात भुसा भरून एक माणूस केला. पण तो फार चांगला वागे म्हणून त्यांनी तो सोडून दिला. लोकांचे सराव चालू राहिले, फक्त मेलेल्याशिवाय. सिस्टर म्हणायच्या, हा सराव लंगडा हाय. बिगर मेलेल्याचा कुठं भूकंप असतो का.

मग गुजरातचा भूकंप झाला. आम्ही प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन करून आलो होतो आणि ग्रामपंचायतीतल्या टीव्हीसमोर गर्दी होती. सिस्टर मागं उभ्या राहून पाहत होत्या. कुणाला पट्टी बांधली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी औषधांच्या सहीसाठी तिथंच होतो.

"साहेब, मला जायाचंय."

एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. बदली नाही, रजा नाही, क्वार्टरची गळती काढून द्या असंही नाही. साहेबांनी समजावलं. सेवानिवृत्ती जवळ आली, गुडघे दुखतात, तिकडं थंडी आहे, तंबूत राहायचं आहे. सिस्टर तिथंच उभ्या. आता हिंगोलीचा जिल्हा झाला होता आणि जिल्ह्यातून एक वैद्यकीय पथक पाठवायचं ठरत होतं; पहिली धावपळ ओसरल्यावर तिथल्या तंबूतल्या दवाखान्यांना हात लागणार होते. मदतकार्यात काम केलेले एक डॉक्टर पुण्याहून येऊन प्रशिक्षण देणार, शेवटी सराव घेणार आणि त्यातून माणसं निवडणार. सिस्टर म्हणाल्या, मग माझी बी परीक्षा घ्या. नापास झाले तर न्हाई जानार, परत नाव काढनार न्हाई. साहेबांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

प्रशिक्षणाच्या दिवसांत सिस्टर वेगळ्याच झाल्या. डॉक्टर वयानं लहान, मृदू बोलणारे, सगळ्यांना मॅडम म्हणणारे. त्यांनी फळ्यावर चार रंग लिहिले तेव्हा आमची सगळी बाकं सिस्टरांकडं वळून हसली. सिस्टर हसल्या नाहीत. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेली सविता नावाची तरुण सिस्टर होती. तिला त्या रोज सकाळी शाळेच्या मैदानावर स्ट्रेचर घेऊन पळायला लावत आणि स्वतःही मागं पळत. पळून झाल्यावर भिंतीला हात लावून उभ्या राहत. सविता म्हणाली, सिस्टर, बसा जरा. तर म्हणाल्या, बसायला काय झालं मला, म्या हिरवी हाय.

शेवटच्या सरावाला डॉक्टरांना काळ्या पट्टीचा माणूस हवा होता, जिवंत. भुशाचा चालणार नाही, म्हणाले. माणसाला सोडून पुढं जाता येतं की नाही, तेच तर बघायचंय. सगळीकडं विचारून झालं. कुणी तयार नव्हतं. परीक्षाच होणार नाही अशी वेळ आली. शिपायानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आमच्या घरात उत्तरेला डोकं करून झोपलेलं चालत नाही. आई हयात असताना मुलानं प्रेतासारखं पडायचं, हे तिच्या कानावर गेलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं. सिस्टरांनी ते ओळखलं. शिपायाला म्हणाल्या, "राहू दे रे. त्यांची आई हाय."

त्या असं म्हणाल्या नसत्या तर मी खिडकीबाहेरच पाहत राहिलो असतो. मी हो म्हणालो. आईला सांगितलं, साठ्याची तपासणी आहे.

सराव शाळेच्या मैदानावर झाला. जखमी म्हणून कॉलेजची पोरं आणली होती. ती ओरडण्यात पटाईत. मला मैदानाच्या मधोमध निजवलं, ते नेमकं उत्तरेला डोकं करून. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी हळूच फिरलो आणि पूर्वेला डोकं केलं. मेलेल्यानं एवढं करायला हरकत नसावी. मग डोळे मिटले. शिट्टी झाली.

सविता आधी आली. तिनं माझ्या नाकाशी हात धरला, मनगट दाबलं, पट्टी बांधली आणि गेली. डॉक्टर तिला शाबास म्हणाले. पट्टी सोडली. आणखी काहीजणी आल्या, गेल्या. शेवटी सिस्टरांची पाळी. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, एकामागून एक, नेहमीसारखा करडा. लाल, हितं दाब. पिवळा. तू ऊठ रे, तुला काय झालंय, त्याचा पाय धर. इतक्या झपाट्यानं कुणीच केलं नव्हतं. डॉक्टर शेजारच्या कुणाला तरी म्हणाले, ह्यांनाच घेऊन जायला हवं.

मग त्या माझ्यापाशी आल्या. नाकाशी हात धरला. मनगट धरलं. पट्टी बांधली, गाठ मारली. आता उठतील म्हणून मी वाट पाहिली.

त्या खाली बसल्या. मातीवर मांडी घालून. माझा हात उचलून त्यांनी मांडीवर घेतला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक लाल पोरगा ठरल्याप्रमाणे बोंबलत होता. डॉक्टरांनी शिट्टी वाजवली. मॅडम, पुढं चला, म्हणाले. सिस्टर हलल्या नाहीत. मी डोळे उघडायला भ्यालो. त्या वाकल्या आणि मला एकट्याला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "मावशे, बसले बघ मी."

लाल पोरगा ओरडून ओरडून थकला आणि आपण मेलो का असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. सराव थांबला. डॉक्टरांनी जवळ येऊन सौम्यपणे विचारलं की काय झालं. सिस्टर माझा हात खाली ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "गुडघा धरला साहेब. उठता येईना."

मी त्यांचा चेहरा पाहिला. गुडघा धरलेला नव्हता. गुडघ्याचं कारण सांगितलं की पथकात जाता येणार नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी मेलेलाच राहिलो.

निवडीत सविता पहिली आली. औषधांचा साठा सांभाळायला म्हणून माझं नाव निघालं. सिस्टरांचं नाव नव्हतं. नावं वाचून झाल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

निघण्याच्या आदल्या दुपारी मी भांडारात खोकी बांधत होतो. सिस्टर आल्या. सलाईनच्या बाटल्या उलट्या ठेवल्या म्हणून बोलल्या, सुतळी कच्ची म्हणून बोलल्या. मग खोक्यावर बसल्या. त्यांना गप्प बसलेलं पाहायची मला सवय नव्हती, म्हणून मी उगाच तीच गाठ सोडून पुन्हा मारली.

"तिकडं लातूरकडं एक मावशी होती," त्या म्हणाल्या. "श्वास होता. म्या काळी बांधली. बराबरच होती पट्टी, डॉक्टर बी तेच म्हनले. ती म्हनली, बाई, बस गं जराशी. म्या म्हनलं, येऊन राहिले." त्यांनी सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला. "लाल लई होते, जोशीबाबू."

मला अशा वेळी माफी मागायची सवय आहे, पण इथं कुणाची मागायची ते कळेना.

"सविताला सांगू नका," त्या म्हणाल्या. "तिनं थांबू नये. तिला थांबू देऊ बी नका." मग माझ्याकडं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं, सगळा माणूस मोजत पाहिलं. "तुमाला टाका घालता येत न्हाई. इंजेक्शन येत न्हाई. रगत बघितलं की घाम येतो. तुमचं तिथं खोकी उघडली की काम संपलं. मग काय करनार?"

मी म्हणालो, सांगाल ते.

"काळी दिसली की जाऊन बसायचं. बाकी काय करू नका, तुमाला जमायचं न्हाई. नुसतं बसायचं."

आम्ही गेलो. पोचलो तोवर ढिगारे उपसून झाले होते. तंबूत हाडं मोडलेली माणसं होती, चिघळलेल्या जखमा होत्या. सविता सिस्टरांसारखी खेकसत फिरे आणि मला त्यामुळं धीर वाटे. काळी पट्टी बांधायची वेळच येणार नाही, असं मला वाटायला लागलं होतं. मग दूरच्या कुठल्या वस्तीतून उंटगाडीवर घालून एका म्हातारीला आणलं. भिंतीखाली पाय चेंगरलेले, घरच्यांनी घरीच ठेवलेली. घरचं कुणी सोबत नव्हतं; आणणारा परका माणूस होता, तो गाडी घेऊन परत गेला. डॉक्टरांनी तपासलं, जखमा सडून मूत्रपिंडं गेली म्हणाले. मोठ्या दवाखान्यापर्यंत टिकणार नाही. सवितानं पट्टी बांधली आणि ती पुढच्या खाटेकडं गेली. न थांबता गेली. मी ते पाहिलं.

मी एक रिकामं खोकं ओढून म्हातारीजवळ बसलो.

नुसतं बसणं फार अवघड असतं. ती डोळे उघडून माझ्याकडं पाहत होती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. देवाचं काही म्हणावं तर ती कोणत्या देवाची, माहीत नाही. माझ्याबद्दल सांगण्यासारखं मला काही नव्हतं. म्हणून मी आमच्या पाईकराव सिस्टरांच्या गोष्टी सांगायला लागलो. मराठीत, सावकाश, एकामागून एक. ऊन तंबूच्या एका दोरीवरून दुसरीवर गेलं. गोष्टी संपल्या तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरू केल्या. कधीतरी ती ऐकायची थांबली. ते मला थोडं उशिरा कळलं.

परत आल्यावर सत्कार झाला, हार झाले, सरपंचांनी भाषण केलं. सिस्टर मागच्या रांगेत, दाराशी. सविताला त्यांनी जवळ घेतलं आणि ती वाळली म्हणून रागावल्या. मला त्यांनी काही विचारलं नाही. गर्दी पांगल्यावर त्या भांडारात आल्या आणि रिकामी खोकी एकात एक घालायला लागल्या. माझ्याकडं पाठ होती.

"बसलात का?"

मी म्हणालो, बसलो. एकच होती. आजीबाई होत्या.

"काय बोलल्या?"

त्यांना आपली भाषा येत नव्हती, मी म्हणालो. मीच बोलत होतो.

"तुमी काय बोलले?"

मला वाटलं, आता रागावतील. मी म्हणालो, तुमच्याबद्दल. किसनआबांचं सांगितलं, छत्र्यांचं, माळवदाचं. दुसरं काही सुचलं नाही सिस्टर, चुकलं असेल तर.

खोकी एकात एक घालायचा आवाज थांबला.

"हसली का ती?"

मी आठवून पाहिलं. खोटं बोलावंसं वाटलं आणि बोलवेना. म्हणालो, नक्की सांगता येत नाही. एकदा ओठ हलल्यासारखे वाटले.

"हसलीच असंल," पाईकराव सिस्टर म्हणाल्या. "माझ्यावर समदेच हसतेत."